वावर गावात, शाळा शहरात : आयबी, केंब्रिज की नुसती पाटी?

हिंगणघाट, उमरेड, काटोल किंवा पांढरकवड्याकडच्या ज्या घरात लेकराला शहरातल्या इंटरनॅशनल शाळेत घालायचं जवळपास ठरलं आहे, त्या घरासाठी हे लिहितो आहे. मराठी माध्यम बरं की इंग्रजी, हा वाद इथे नाही. एसी वर्ग, पोहण्याचा तलाव, स्मार्ट बोर्ड यांचाही हिशेब नाही, ते सगळ्याच शाळा दाखवतात. पाटीवर एकच शब्द असलेल्या तीन वेगळ्या शाळांपैकी आपल्या घराला कोणती झेपेल आणि लेकराला कोणती पुढे नेईल, एवढंच बघायचं आहे.

या तीन म्हणजे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट), केंब्रिज (इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठाचं परीक्षा मंडळ), आणि मंडळ सीबीएसईचं पण नावात इंटरनॅशनल असलेली शाळा. नागपूरच्या भोवताली दिसणाऱ्या पाट्यांपैकी पुष्कळ या तिसऱ्या प्रकारातल्या आहेत. त्यात वाईट काही नाही. पण घरी एनसीईआरटीचीच पुस्तकं येणार असतील, तर फी ठरवण्याआधी ते माहीत असलेलं बरं. पहिल्याच भेटीत विचारा, दहावीची परीक्षा कोण घेतं? सीबीएसई असेल तर संलग्नता क्रमांक मागून मंडळाच्या वेबसाइटवर तो दहावीपर्यंत आहे की बारावीपर्यंत, हे बघून घ्या. केंब्रिज असेल तर केंद्र क्रमांक मागा. आयबीची मान्यता कार्यक्रमागणिक मिळते. ‘कॅन्डिडेट’ शाळा म्हणजे मान्यतेच्या वाटेवर असलेली शाळा, मान्यता मिळालेली नव्हे. शिवाय प्राथमिकच्या पीवायपीला मान्यता आहे म्हणून अकरावी-बारावीचा डिप्लोमा तिथे असेलच असं नाही.

आयबीचं मोठेपण मान्यच आहे. १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेल्या या संस्थेच्या डिप्लोम्यात सहा विषय असतात, प्रत्येकी सात गुण, वर प्रबंध आणि ज्ञानमीमांसा (थिअरी ऑफ नॉलेज) यांचे मिळून तीन, असे एकूण ४५. पास व्हायला किमान २४ लागतात. सतरा वर्षांचं पोर चार हजार शब्दांपर्यंतचा प्रबंध स्वतः लिहितं, ही तयारी बाकी दोन्हींत सहसा होत नाही. बारावीनंतर परदेशी जायचं पक्कं असेल आणि त्या खर्चाची सोय आजच असेल, तर आयबीच घ्या, पुढचं वाचायची फारशी गरज नाही.

अडचण येते ती मेडिकलचा विचार असलेल्या घरांना. डिप्लोम्याच्या ठरलेल्या चौकटीत दोन भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित आणि सहावा विषय असतो. सहाव्या जागी कलेऐवजी दुसरं विज्ञान घेता येतं, म्हणजे विज्ञानं जास्तीत जास्त दोन. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी तिन्ही हवी असतील तर शाळेला आयबीकडून ‘नॉन-रेग्युलर’ डिप्लोम्याची परवानगी आणावी लागते. ती मिळते, पण अकरावीला विषय ठरण्याआधीच मागायची असते. शाळेच्या आयबी समन्वयकाला विचारा, आजवर किती मुलांसाठी मागितली? उत्तर अडखळलं तर समजून जा. इंजिनिअरिंगवाल्यांना हा त्रास नाही, त्यांचं दोन विज्ञानं आणि गणितात भागतं.

केंब्रिजची दहावी म्हणजे आयजीसीएसई. तिथे विषय मोकळेपणाने निवडता येतात, आणि घोळही तिथेच होतो. ‘कम्बाइन्ड’ किंवा ‘को-ऑर्डिनेटेड’ सायन्स (तिन्ही विज्ञानं एकत्र) घेऊन दहावी झालेल्या मुलाला अकरावी विज्ञान जड जाते. तिन्ही विज्ञानं स्वतंत्र घ्या. विषय सहा-सात असू द्या, पाचाच्या खाली जाऊ नका. गणित आणि विज्ञानाला ‘कोअर’ व ‘एक्स्टेंडेड’ अशा दोन पातळ्या असतात. कोअरमध्ये कितीही चांगला पेपर गेला तरी मिळणारी सगळ्यात वरची ग्रेड ‘सी’च. काही शाळा निकालाची टक्केवारी सांभाळण्यासाठी अभ्यासात कच्च्या मुलांना गुपचूप कोअरला बसवतात, म्हणून नववीतच लेखी विचारून ठेवा. इंग्रजीत ‘फर्स्ट लँग्वेज’ आणि ‘सेकंड लँग्वेज’ असे दोन वेगळे पेपर आहेत. गावातून पाचवी-सहावीनंतर गेलेल्या लेकरासाठी सेकंड लँग्वेज रास्त आहे, त्यात कमीपणा मानू नये.

शाळेची प्रयोगशाळा खरी आहे का, हे ओळखायची सोपी खूण आहे. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी केंब्रिज पेपर पाच किंवा पेपर सहा देतं. पाचमध्ये मुलं हाताने प्रयोग करतात. सहा म्हणजे प्रयोगाबद्दलचा लेखी पेपर. सहा घेण्यात गैर नाही, पुष्कळ शाळा घेतात. पण पाच घेणाऱ्या शाळेत ब्युरेट (द्रव मोजायची काचेची नळी) मुलांच्या हाती आलेली असते.

आता ती गोष्ट, जिच्यावर आमच्या घरचा निर्णय झाला : निकालाचा महिना. माहितीपत्रकात हे कुठेच नसतं, आणि गावाकडच्या पालकाला सगळ्यात जास्त त्रास यानेच होतो.

आयबी डिप्लोम्याची परीक्षा मेमध्ये आणि निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात. केंब्रिजचं दोन प्रकारे चालतं. भारतातल्या शाळांना मार्चची फेरी घेता येते, तिचा निकाल मेमध्ये लागतो. दुसरी फेरी मे-जूनची, तिचा निकाल ऑगस्टमध्ये. महाराष्ट्रात अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात सुरू झाले, म्हणजे तालुक्याचं ज्युनिअर कॉलेजही आता त्याच रांगेत आहे. ही रांग दहावीच्या निकालापाठोपाठ, मे-जूनमध्ये सुरू होते. ऑगस्टमध्ये निकाल हाती येणारं पोरगं तिथे पोचतं तेव्हा चांगल्या जागा गेलेल्या असतात, शिकवण्यांचे दोन धडे झालेले असतात, आणि बाप वावरातलं निंदण-फवारणी सोडून कॉलेजांचे उंबरे झिजवत असतो. बारावीला हाच प्रकार जास्त महागात पडतो. सीईटीनंतरच्या प्रवेशाला अंतिम गुणपत्रिका लागते. शाळेने दिलेल्या अंदाजी ग्रेड परदेशी विद्यापीठ घेतं, आपली प्रवेश फेरी घेत नाही.

म्हणून केंब्रिजच्या शाळेत ‘मार्च की जून?’ एवढंच विचारून परत येऊ नका. विषयवार विचारा. मार्चच्या फेरीत सगळे विषय नसतात. सहा विषय मार्चला आणि एक जूनला ठेवला, तर त्या एकासाठी पूर्ण निकाल ऑगस्टपर्यंत अडकतो. मार्चमध्ये विषय राहिलाच तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची फेरी असते, तिचा निकाल जानेवारीत. आणखी एक : अकरावीच्या अर्जात ग्रेड नाही, गुण भरावे लागतात. ग्रेडचं गुणांत रूपांतर करून दिलेलं शाळेचं पत्र निकालाच्याच आठवड्यात मिळेल, असं आधीच ठरवून घ्या.

या बाबतीत सीबीएसई सगळ्यात सरळ, हे कबूल करायला हवं. निकाल वेळेत, गुण आकड्यात, मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा अभ्यास एनसीईआरटीवर. डॉक्टरच व्हायचं हे सातवीतच पक्कं असेल तर सीबीएसई घ्या, मात्र मग इंटरनॅशनल या शब्दाचे जास्तीचे पैसे देऊ नका. त्याच मंडळाची साधी शाळा तेच शिकवते. लेकराचा कल अजून उघडा असेल, तर मला मार्च फेरीची केंब्रिज शाळा थोडी उजवी वाटते : दहावीपर्यंत तिथे, मग अकरावीला राज्य मंडळ किंवा सीबीएसई. उत्तर स्वतःच्या शब्दांत मांडायची सवय लागते आणि परतीची वाट खुली राहते. दुसऱ्या घरी हिशेब वेगळा निघू शकतो.

शहराचं म्हणाल तर पुण्या-मुंबईत आयबीच्या शाळा भरपूर, नागपुरात केंब्रिजच्या मोजक्याच. पांढरकवडा-राजुऱ्याकडच्यांना हैदराबाद सोयीचं वाटतं, पण मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासासोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. दहावी हैदराबादेत केली की तो दरवाजा बहुतेकांसाठी बंद होतो. उमरेड-काटोलहून रोजचं अप-डाऊन लहान मुलाला करायला लावू नये. आई आणि लेकरं नागपुरात, बाप गावात, असं बिऱ्हाड विदर्भात नवीन नाही. वसतिगृहापेक्षा ते स्वस्त पडेलच असं नाही, पण सहावी-सातवीच्या वयात ते मला जास्त पटलं.

फीच्या हप्त्यांबद्दल घासाघीस करायला लाजू नका. सप्टेंबरचा हप्ता आपल्याकडे सगळ्यात वाईट : खत-औषधात पैसा गेलेला, सोयाबीन उभं, कापूस फुटायचा. सोयाबीन ऑक्टोबरात येतं, कापसाचा पैसा नोव्हेंबरपासून, मृग बहाराच्या संत्र्याचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबर आणि मार्च असे दोन हप्ते लेखी मागा, काही शाळा मानतात. केंब्रिजची परीक्षा फी विषयागणिक असते आणि ती बहुधा वार्षिक फीत धरलेली नसते, ती वेगळी बाजूला ठेवा.

जातीच्या दाखल्याचंही बघा. या शाळांनी दिलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीचा रकाना कधी कधी छापलेलाच नसतो. जात पडताळणीला शाळेतली नोंद कामी येते. म्हणून गावच्या शाळेतून नाव काढताना तिथला मूळ दाखला जातीच्या नोंदीसह घ्या, झेरॉक्स काढा आणि मूळ कागद घरीच राहू द्या. नव्या शाळेला प्रत लागली तर साक्षांकित द्या. मूळच मागितला तर आधी दुय्यम प्रत काढून ठेवा.

बदल सहावीत करा, फार तर सातवीत. आयजीसीएसईचा दोन वर्षांचा अभ्यास नववीत सुरू होतो. नववीत आलेल्या लेकराचं पहिलं वर्ष इंग्रजीतून प्रश्न समजण्यातच जातं आणि हाती उरतं एकच वर्ष.