६ लाखांचं पॅकेज सांगून सॉफ्टवेअर विकायला लावलं, आता माझ्याकडेच १२,५०० मागतायत

जळगाव-धुळे-नंदुरबारसाठी सेल्सची तीच जाहिरात परवा परत फिरत होती म्हणून लिहितेय. आधी वाचा, मग फोन करा.

मला सांगितलेलं पॅकेज ६,००,०००. त्यात फिक्स २,४०,०००, म्हणजे महिन्याला २०,०००, बाकी ३,६०,००० व्हेरिएबल. टार्गेट पूर्ण केलं तर मिळणारा आकडा पॅकेज म्हणून सांगतात हे मला माहीत होतं, टेक सेल्समध्ये तसंच चालतं. वर पहिले तीन महिने दर महिन्याला १५,००० ‘गॅरंटीड इन्सेन्टिव्ह’. लॅपटॉपचं डिपॉझिट १२,५०० भरून घेतलं. (डिपॉझिट मागितलं की तिथूनच परत फिरा.)

पहिली सॅलरी स्लिप आली तेव्हाच कळायला हवं होतं. ते १५,००० इन्सेन्टिव्हच्या रकान्यात नव्हतेच, खाली ‘ॲडव्हान्स’ म्हणून टाकलेले. मी लगेच मॅनेजरला फोन केला, तर म्हणे अगं पेरोलमध्ये सगळ्यांचं तसंच दिसतं. पैसे खात्यात आलेत, साहेब स्वतः सांगतोय, मग कोण भांडत बसेल सांगा? पण तो एक शब्द आठवला की आजही डोकं फिरतं. कमिशनमधून कापायची उचल होती ती!

एप्रिल ते जून, आपल्याकडचं ऊन माहितीय ना, सावद्याचे केळीवाले, धरणगावचे जिनिंगवाले, जळगावच्या दालमिल, कधी एसटीनं कधी स्कूटीवर सगळं पालथं घातलं. टार्गेट ९,००,०००, ऑर्डरी आणल्या ७,४०,०००च्या. ८०% च्या वर गेलं की १०% कमिशन, म्हणजे माझे ७४,०००. मिळाला शून्य. का, तर मोजणी ऑर्डरवर नाही, त्या तिमाहीत जमा झालेल्या पैशावर, आणि जमा होते २,१८,०००. अरे, जिनिंगवाल्याकडे जूनमध्ये पैसा असतो का? कापूस दिवाळीच्या आसपास येतो. एक आप्पा तर तोंडावर म्हणाले होते, पोरी सही आज घे, चेक दिवाळीनंतर. मी तसं मॅनेजरला कळवलं, तो म्हणाला चालेल, ऑर्डर आण. कलेक्शनची अट असलेली पीडीएफ जॉइन झाल्यावर कितीतरी दिवसांनी पाठवली. हे लिहून घ्या, कमिशन कशावर, ऑर्डरवर, बिलावर की जमा पैशावर, ते जॉइन व्हायच्या आधी मेलवर मागा. गिऱ्हाईकानं प्लॅन बंद केला तर दिलेलं परत कापतात का, तेही.

राजीनामा दिला त्याच दिवशी ऑफिसचा मेल बंद. माझे सगळे पुरावे त्यातच. स्वतःच्या आयडीवर कॉपी ठेवत जा रे. हिशोब आला तो असा, शेवटचा पगार २०,००० अधिक डिपॉझिट १२,५००, वजा ॲडव्हान्स ४५,०००, मॅडम तुम्हीच १२,५०० भरा.

पोलीस म्हणाले दिवाणी मॅटर आहे. लेबर ऑफिसात साहेब जेवायला गेलेत, मग साहेब मीटिंगला, मग कळलं की तुमच्या पदात ‘मॅनेजर’ आहे, तुम्ही कामगारात बसत नाही. अहो, माझ्या हाताखाली एक माणूस नव्हता! पदाचं नाव नाही, प्रत्यक्ष काम बघायचं असतं, हे वकिलानं सांगितलं, यांना माहीत नसेल? वर म्हणे कंपनी बंगलोरची आहे, तिकडे अर्ज करा. फिरले मी भुसावळ-जळगावात, पैसे अडकले इथे, आणि अर्ज करायला बंगलोर? एकानंही अर्जावर पोच दिली नाही. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

वकिलाच्या नोटिशीला ३,५०० गेले. उत्तर नाही. घर फक्त फिक्सवर चालत असेल तरच असली नोकरी धरा, आणि मागच्या तिमाहीत टीममधल्या किती जणांना कमिशन मिळालं ते तिथल्याच एखाद्याला गाठून विचारा. माझं एक्सपिरियन्स लेटर अजून अडकवून ठेवलंय, १२,५०० भरल्याशिवाय देणार नाही म्हणतात, आणि मी एक रुपया भरणार नाहीये.