मनोविकाराची चिन्हे हालचालींतून ओळखण्याचा वर्ग : एका नातेवाइकाचा अभिप्राय

मनोरुग्णांच्या नातेवाइकांसाठी पुण्यातील एका संस्थेने घेतलेल्या एकदिवसीय वर्गाला मी नुकताच जाऊन आलो. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, त्यामुळे पाचशे रुपये शुल्क भरताना माझ्या मनात कुतूहलापेक्षा गरज अधिक होती.

सकाळचे कॅटाटोनियावरील सत्र अप्रतिम झाले. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल काल्बाउम यांनी १८७४ मध्ये वर्णिलेल्या या अवस्थेत रुग्ण तासन्‌तास एकाच स्थितीत बसून राहतो, बोलणे बंद करतो, समोरच्याचेच शब्द परत उच्चारतो, आणि त्याचा हात आपण उचलून ठेवला तर तो मेणाच्या पुतळ्यासारखा तसाच राहू शकतो. ही अवस्था केवळ स्किझोफ्रेनियातच नव्हे, तर तीव्र नैराश्यात आणि उन्मादातही दिसते, हे मला तेथेच कळले. अशा माणसाला घरचे ‘नाटकी’ ठरवतात किंवा बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करत बसतात, आणि तोवर त्याचे अन्नपाणी तुटलेले असते; वास्तविक लोराझेपामसारख्या औषधाने अनेकांमध्ये काही तासांतही फरक दिसतो.

माझी तक्रार दुपारच्या सत्राबद्दल आहे. औषधांमुळे उद्भवणाऱ्या हालचालींना चहानंतरची जेमतेम वीस मिनिटे मिळाली, आणि आम्हा घरच्यांचा रोजचा संबंध तर त्यांच्याशीच येतो. भाऊ रात्रभर दिवाणखान्यात येरझारा घालू लागला, तेव्हा आम्ही डॉक्टरांना ‘आजार वाढला’ असे सांगितले आणि गोळीची मात्रा वाढली. प्रत्यक्षात ती त्याच गोळीने आलेली, एका जागी बसूच न देणारी अस्वस्थता, म्हणजे अकॅथिसिया होती. दीर्घकाळ औषधे घेतल्यावर काहींची जीभ किंवा ओठ आपोआप हलत राहतात, याचा उल्लेखही धावताच झाला. गोळी मनानेच बंद करू नये, ही सूचना मात्र स्पष्ट मिळाली.

एका हालचालीवरून निदान करू नका, कारण थायरॉइडच्या किंवा मेंदूच्या विकारांतही असे दिसू शकते, असे प्रशिक्षकांनी वारंवार बजावले, ते मला फार पटले. हालचालीचे मोबाइलवर चित्रण करावे, तिची वेळ, झोप आणि नव्याने सुरू झालेली गोळी वहीत टिपावी, हा त्यांचा सल्ला आम्ही लगेच अमलात आणला. पुढचा वर्ग केवळ औषधांच्या परिणामांवर ठेवल्यास मी आईलाही नेईन. रात्री जागून भावाच्या येरझारा ऐकणारी तीच आहे.