नेपतीच्या हर्बेरियम नोंदी (वाळवून जपलेल्या नमुन्यांच्या) घरबसल्या बघायच्या असतील तर जीबीआयएफ साईट (५ पैकी ४ स्टार)

आमच्याकडं गायरानात, बांधाला नेपतीची झुडपं असतातच, पानं जवळपास नाहीत, नुसत्या हिरव्या काड्या, काट्यांच्या जोड्या आन उन्हाळ्याच्या तोंडाला विटकरी लाल फुलं. राजस्थानात केर-सांगरीत जे केर टाकतात ते ह्याचंच कच्चं फळ. हे वाळवंटी झुडूप मराठवाड्यातून कोणी कधी गोळा करून ठेवलंय ते शोधायलो होतो, आन प्रत्येक हर्बेरियममधी जाऊन कपाटं कोण उघडून देतंय, म्हणून ही साईट धरली, ठिकठिकाणच्या म्युझियम-हर्बेरियमच्या नोंदी एका जागी दिसतात.

साईट फुकट, बघायला लॉगिन पण लागत नाही. २००१ पासून चालू आहे, ऑफिस कोपनहेगनला. नेपतीचं शास्त्रीय नाव कॅपॅरिस डेसिडुआ टाका, जुन्या फ्लोरातलं (झाडांची माहिती देणाऱ्या पुस्तकातलं) कॅपॅरिस अफायला टाकलं तरी बरोबर तिथंच नेतं. फक्त प्रिझर्व्ड स्पेसिमेनचा फिल्टर लावा, नाहीतर लोकांनी मोबाईलवर काढलेले फोटो आन वाळवलेले नमुने सगळा काला होतो.

खरा माल म्हणजे शीटचा स्कॅन. कागदावर चिकटवलेली काडी, फूल वाळून पार तपकिरी झालेलं (म्हणून लेबलवर फुलाचा रंग लिहिणाऱ्या माणसाला माझा नमस्कार), बाजूला रंगपट्टी, खाली कोपऱ्यात कोणी, कधी, कुठं गोळा केलं ते, आन त्याच्यावर नंतरच्या लोकांनी नाव बदलून डकवलेल्या चिठ्ठ्या. तासभर कसा जातो कळत नाही.

नकाशावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका भाऊ. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडं, त्यामुळं जुन्या लेबलवर नुसतं हैदराबाद लिहिलेलं असलं की ते टिंब तेलंगणात जाऊन बसू शकतं, वरून सिंधमधी दुसरं हैदराबाद, आन नेपती तिथंही उगवतेच म्हणून चूक पटकन नजरेत पण येत नाही. औरंगाबाद तर बिहारातही आहे. आन संभाजीनगर, धाराशिव टाकून जुन्या नोंदी शोधणार असाल तर बसा शोधत, जुनी स्पेलिंगं टाकून बघा. ह्यात साईटचा दोष म्हणता येत नाही, म्युझियमनं जे टाईप करून पाठवलं तेच दिसणार.

एक स्टार कापला तो बऱ्याच नोंदींना स्कॅनच नाही म्हणून, नुसती एक ओळ असते, मग लेबलवर खरं काय होतं ते कसं तपासायचं? आन बीड-परभणीच्या बाजूला टिंब नाही म्हणजे तिथं झाड नाही असं कोणी धरू नका, आपल्याकडच्या कॉलेजांत डांबरगोळ्या टाकून ठेवलेली कितीतरी शीटं अजून कॉम्प्युटरवर चढलेलीच नाहीत.

डाऊनलोडला फुकटचं अकाऊंट काढावं लागतं, सोबत डीओआय (त्या डाऊनलोडचा कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो, प्रोजेक्टमधी तोच द्या, स्क्रीनशॉट लावू नका, गाईड परत पाठवतात.