औषध मोजायची सिरींज मस्त आहे, पण एमजीचं गणित ती करून देत नाही

पातळ औषधासोबत ते मापाचं झाकण येतं ना, त्यावर माझा कधीच भरवसा नव्हता, रेघा पुसट, निम्मं औषध तळाला चिकटून राहणार आणि मधलंच एखादं माप हवं असलं की सगळं अंदाजपंचे. म्हणून ही ५ एमएलची बिनसुईची, तोंडावाटे औषध द्यायची सिरींज घेतली आणि आता घरात तीच चालते.

०.२ एमएलच्या ठळक रेघा आहेत, बाटलीच्या तोंडात बसणारं बूचही सोबत येतं, त्यामुळे बाटली उलटी करून औषध ओढायचं, बुडबुडा आला तर टिचकी मारून परत आत ढकलायचा, झालं काम. आकडा मात्र दट्ट्याच्या टोकाकडच्या कडेला बघायचा, रबराला दोन कडा दिसतात, मागची बघून भरलं तर डोस कमी जातो. हे पाकिटावर कुठेही लिहिलेलं नाही!

पण खरी मेख पुढे आहे. डॉक्टर सांगणार एमजीत आणि सिरींजवर एमएल. एमजी म्हणजे औषधाचं वजन, एमएल म्हणजे पातळ औषध किती, आणि या दोघांना जोडणारा आकडा फक्त बाटलीच्या लेबलवर असतो. पॅरासिटामॉलचंच घ्या, डॉक्टरांनी १५० एमजी सांगितलंय आणि बाटलीवर ५ एमएलमध्ये २५० एमजी लिहिलंय, तर १५० भागिले २५० गुणिले ५, म्हणजे ३ एमएल. तेच १२० एमजीवालं सिरप असेल तर ६.२५ एमएल, आणि एका एमएलला १०० एमजीवाले ड्रॉप्स असतील तर नुसतं दीड एमएल. आता डोक्यात सिरपचे ६ एमएल आणि हातात ड्रॉप्सची बाटली असं झालं तर ६०० एमजी पोटात जाणार, चौपट! काहीजण फोनवर एमजीचं एमएल करून बघतात, तिथे १००० एमजीला १ एमएल येतं, अहो ते पाण्याचं आहे, औषधाचं नाही. सोबतच्या कागदात एक टीस्पून म्हणजे ५ एमएल एवढं छापलंय, एमजीबद्दल अवाक्षर नाही, निदान एक उदाहरण तरी द्यायचं की. गणिताची खात्री नसेल तर औषधवाल्याकडून एमएलचा आकडा बाटलीवरच लिहून घ्या.

अँटिबायोटिकची पावडरवाली बाटली असेल तर पाणी बरोबर खुणेपर्यंतच हवं, नाहीतर लेबलवरचा आकडाच खोटा ठरतो, आणि दर वेळी हलवायची.

इन्सुलिनची सिरींज मात्र यासाठी अजिबात वापरू नका, तिच्यावर युनिट असतात.

तक्रार एकच, गरम पाण्याने धुऊन धुऊन रेघा उडायला लागल्यात. आणि टोकाचं बारीक टोपण औषध भरायच्या आधीच काढून लांब ठेवा, पोराच्या घशात अडकू शकतं. अगदी तान्ह्या बाळाच्या ड्रॉप्सना ही जाडीभरडी पडते, त्याला ०.०१ च्या रेघांची १ एमएलवाली घ्या. चार स्टार, एक रेघांसाठी कापला.