आतड्यातील जीवाणूंची घरपोच चाचणी: नमुना नेटका, निष्कर्ष घाईचे

शौचाच्या एका नमुन्यातील जीवाणूंवरून लठ्ठपणाचा आणि मधुमेहाचा धोका सांगणारी घरपोच चाचणी मी अलीकडेच करून घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा आक्षेप तिच्यापुरता मर्यादित नाही.

नमुना घेण्याची सोय उत्तम आहे. काडी, नमुना टिकवणारे द्रावण असलेली नळी आणि परतीचे पाकीट हे सर्व व्यवस्थित मिळते, आणि अहवालही सांगितलेल्या मुदतीत येतो. सूचना मात्र मराठीत नाहीत, आणि घरातील ज्येष्ठांसाठी चाचणी मागवणाऱ्यांना ही उणीव जाणवेल.

अहवालाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत ‘लठ्ठपणा निर्देशांक’ छापलेला आहे, आणि तो फर्मिक्यूट्स व बॅक्टेरॉइडेट्स या दोन जीवाणूसमूहांच्या गुणोत्तरावर बेतलेला आहे. या कल्पनेचा उगम भक्कम संशोधनात आहे, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने 2006 साली लठ्ठ उंदरांचे जीवाणू जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले, तेव्हा सडपातळ उंदरांचे जीवाणू मिळालेल्या उंदरांपेक्षा त्यांच्या अंगावर अधिक चरबी चढली. 2013 साली याच गटाने एक लठ्ठ आणि एक सडपातळ अशा जुळ्या माणसांचे जीवाणू वापरूनही तसाच परिणाम दाखवला. परंतु जंतुविरहित उंदरात दिसलेला परिणाम एका माणसाच्या अहवालात अंक म्हणून छापणे ही फार मोठी उडी आहे. 2016 साली दहा अभ्यासांतील माणसांची आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हा या गुणोत्तराचा लठ्ठपणाशी ठाम संबंध आढळला नाही. तरीही तोच अंक पहिल्या पानावर ठळकपणे छापला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. प्रिव्होटेला हा जीवाणू धान्य, डाळी आणि भाज्या भरपूर खाणाऱ्या भारतीयांमध्ये विपुल आढळतो. माझ्या अहवालात त्याचे प्रमाण लाल रंगात ‘जास्त’ म्हणून दाखवले आहे. ‘निरोगी’ ठरवताना तुलना कोणत्या देशातील लोकांशी केली, याचा अहवालात कुठेही उल्लेख नाही. नोंदणीच्या वेळी मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध किंवा प्रतिजैविके घेता का, हेही विचारले गेले नाही. मेटफॉर्मिनने आतड्यातील जीवाणूंची रचना बदलते, आणि मधुमेहामुळे झालेले म्हणून आधी नोंदवलेले काही बदल या औषधाचे होते, हे 2015 पासून ठाऊक आहे.

अहवालानंतर फोनवर बोलणाऱ्या आहार सल्लागार सौजन्यशील होत्या. ज्वारी, बाजरी, कडधान्ये आणि भाज्या वाढवण्याचा त्यांचा सल्ला योग्यच होता. तंतुमय पदार्थांपासून मोठ्या आतड्यातील जीवाणू ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराचे पोषण त्यावर होते. मात्र त्याच संभाषणात कंपनीच्याच महागड्या प्रोबायोटिक (उपयुक्त मानलेले जिवंत जीवाणू असलेल्या) कॅप्सूल सुचवल्या गेल्या, आणि वजन उतरण्याचे आश्वासनही मिळाले. अ‍ॅम्स्टरडॅममधील 2012 च्या प्रयोगात सडपातळ दात्यांचे सगळेच जीवाणू रुग्णांच्या आतड्यात सोडले गेले. तेव्हा सहा आठवड्यांनी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, पण वजन घटले नाही. असे असताना निवडक जीवाणूंच्या कॅप्सूलने वजन उतरेल हे आश्वासन कशाच्या आधारावर दिले जाते?

पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली होती: दोघांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचे माप) 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्याकडे चयापचयाचा धोका असा बारीक दिसणाऱ्या देहात दडलेला असतो, आणि या चाचणीत कमरेचा घेरसुद्धा विचारला जात नाही. भारतीय पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरपुढचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर) हे तपासायला याहून कितीतरी कमी खर्च येतो.

जीवाणूंविषयी निव्वळ कुतूहल असणाऱ्यांनी ही चाचणी जरूर करावी. वजन किंवा मधुमेह यांसाठी निर्णय घ्यायचा असेल, तर सध्याच्या स्वरूपात मी तिची शिफारस करणार नाही.