कराड-सातारा एसटीत ऐकलेल्या बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या डॉक्युमेंटरी

रोज कराड ते सातारा एसटी, जायला सव्वा तास आणि यायला सव्वा तास, आणि गेली पाच-सहा वर्षं या वेळात मी बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या इंग्लिश रेडिओ डॉक्युमेंटरी ऐकतेय. शेजारी बसणाऱ्या मॅडम नेहमी विचारतात काय ऐकता हो एवढं, त्यांना धड सांगता येत नाही म्हणून आज नीट बसून लिहितेय.

आधी कामाचं. सगळं फुकट आहे, पॉडकास्ट ॲपवर मिळतं. 'द डॉक्युमेंटरी'चे एपिसोड बहुतेक २६ मिनिटांच्या आसपासचे, एका फेरीत आरामात दोन होतात. 'विटनेस हिस्टरी' दहाएक मिनिटांचं, एक घटना आणि ती घडताना तिथे असलेला माणूस, बस्स. 'हेल्थ चेक' आरोग्याचं, आणि 'क्राउडसायन्स'मध्ये श्रोत्यांचेच प्रश्न घेऊन शास्त्रज्ञांकडे जातात. पुढच्या आठवड्यात काय येतंय ते मी रविवारी रात्री बघून ठेवते आणि घरच्या वायफायवर आलेलं सगळं उतरवून घेते, कारण उंब्रज सोडलं की रेंजचा भरवसा नाही.

मला याची खरी ओढ लागली ती आफ्रिकेतल्या रवांडा देशामुळे. १९९४ साली तिथे साधारण १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तिथल्या तुत्सी समाजाची, हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. आणि त्यात रेडिओचा हात होता. आरटीएलएम नावाच्या स्टेशनवरून तुत्सींना झुरळं म्हणायचे, कोण कुठे लपलंय ते सांगायचे, नावं वाचायचे. आणि त्याच वर्षी बीबीसीने तिथल्या किन्यारवांडा भाषेत एक कार्यक्रम सुरू केला, गाहुझामिर्यांगो, म्हणजे कुटुंबांना परत एकत्र आणणारा, त्यातही नावंच वाचायचे, पण ती ताटातूट झालेल्या माणसांची, की कुणाची आई कुणाचा भाऊ ऐकत असेल तर कळावं. हे कळलं त्या दिवशी मी नागठाण्यापासून पुढे काही लावलंच नाही, नुसती खिडकीबाहेर बघत बसले. एकाच वर्षी, एकाच भाषेत, रेडिओवर नावं वाचली जातायत, एकीकडे मारायला आणि एकीकडे शोधायला.

पुढे २००४ पासून तिथे मुसेकेवेया नावाची रेडिओवरची मालिका आली, ती बीबीसीची नाही, दोन डोंगरांवरच्या दोन गावांचं भांडण आणि हळूहळू होणारी समजूत, आपल्याकडे श्रुतिका असायच्या तशी. ज्या रेडिओने आग लावली त्याच रेडिओवर लोक गावागावात जमून ही ऐकत होते.

म्हणून भांडणतंटा, युद्ध, सलोखा या विषयांवरचं काही येणार असलं की मी ते आधी उतरवते. चेहरा दिसत नाही, कपडे दिसत नाहीत, माणूस कोणत्या बाजूचा हे कळायच्या आधी त्याचा आवाज कापतोय हे कळतं. टीव्हीवर हे होत नाही. तक्रार एकच, काही एपिसोड फार पटकन माफीपर्यंत पोचतात. घरातली माणसं गमावलेली बाई आणि मारणारा एकाच वस्तीत राहतात हे २६ मिनिटांत कसं मावणार, त्याला तीन भाग द्या ना. आणि बीबीसी सांगते तेच अंतिम असं धरूनही ऐकू नये, २०१४ मध्ये त्यांच्याच एका टीव्ही डॉक्युमेंटरीवरून रवांडा सरकारने किन्यारवांडा प्रसारण बंद पाडलं होतं, म्हणजे तिथेही मतभेद टोकाचे आहेत.

विज्ञानाचं म्हणाल तर '१३ मिनिट्स टू द मून' हे मी सगळ्यात वर ठेवेन. २०१९ चं आहे, निवेदक केविन फाँग हे स्वतः डॉक्टर, आणि अपोलो ११ चंद्रावर उतरताना शेवटच्या १३ मिनिटांत काय काय झालं ते उलगडून सांगतात. मध्येच कॉम्प्युटर १२०२ अलार्म द्यायला लागतो, आर्मस्ट्राँग विचारतोय हे काय आहे, आणि खाली ह्यूस्टनच्या कंट्रोल सेंटरमध्ये पंचविशीतली पोरं, त्यांच्यातल्या जॅक गार्मनने अशा अलार्मची हाताने लिहिलेली यादी टेबलावर ठेवलेली, त्यावरून तो म्हणतो की चालेल, पुढे जा. तेवढ्यात "ओ ताई, सातारा आलं" म्हणून कंडक्टरने हाक मारली, सगळी गाडी रिकामी, मी एकटी बसलेली. पुढच्या सीझनच्या वेळी कोविड आला आणि फाँग कार्यक्रम अर्धा ठेवून हॉस्पिटलात कामाला गेले, याचं मला फार वाटलं.

त्याच कोविडमध्ये 'द एव्हिडन्स' ऐकायचे. क्लॉडिया हॅमंड वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांना बसवून लोकांचे प्रश्न विचारायच्या, आणि तज्ज्ञ चक्क "हे अजून माहीत नाही" म्हणायचे. व्हॉट्सॲपवर काढ्याचे फॉरवर्ड येत होते त्या दिवसांत मला त्या "माहीत नाही"चाच आधार होता.

इंग्लिशची धास्ती घेऊ नका. नायजेरिया, स्कॉटलंड, फिलिपिन्स, सगळीकडचे उच्चार येतात, सुरुवातीला स्पीड थोडा कमी करून ठेवा, महिन्याभरात कान बसतो. मराठीत बीबीसीचं 'सोपी गोष्ट' आहे, ते मी आईला लावून देते आणि ती आवडीने ऐकते, पण गावोगाव माइक घेऊन फिरून केलेली अर्ध्या तासाची डॉक्युमेंटरी मराठीत नियमाने यायला हवी, ती मला कुठेच सापडत नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपातून वाचलेले तेव्हाचे कर्ते लोक आज साठी-सत्तरीत आहेत, त्यांचे आवाज कोण रेकॉर्ड करतंय?

नवीन ऐकणाऱ्याने चंद्रापासून सुरुवात करावी, रवांडा नंतर, आणि रवांडा ऐकाल तेव्हा लगेच पुढचा एपिसोड लावू नका.