‘ओरिजिनल’ म्हणजे नेमकी कोणती? ‘मुघल-ए-आझम’च्या दोन डीव्हीडी

डीव्हीडीच्या दुकानात ‘ओरिजिनल आहे का?’ असे विचारले, की दुकानदार वेष्टनावरच्या होलोग्रामवर बोट ठेवतो. त्याच्या लेखी ओरिजिनल म्हणजे पायरेटेड नसलेली. लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळातल्या दुकानातून मी ‘मुघल-ए-आझम’ अशीच खात्री करून घेऊन आलो, आणि अकबर बादशहा रंगीत वाळूतून अनवाणी चालत जाताना दिसला तेव्हा लक्षात आले, की ही 2004 साली संगणकावर रंगवलेली आवृत्ती आहे. दुकानदार खोटे बोलला नव्हता. माझा प्रश्नच अपुरा होता. पुढे कृष्णधवल डीव्हीडीही मिळाली, आणि दोन्ही एकाच टीव्हीवर, एकेक प्रसंग आलटून पालटून, तीन रविवार पाहिल्यानंतर हे लिहीत आहे.

मूळ चित्रपट 5 ऑगस्ट 1960 रोजी प्रदर्शित झाला. तो जवळजवळ सगळा कृष्णधवल आहे. रंग येतो तो शीशमहालातल्या ‘प्यार किया तो डरना क्या’ला आणि अखेरच्या रिळांना. रंगीत आवृत्ती 12 नोव्हेंबर 2004 रोजी चित्रपटगृहांत आली. मूळ लांबी 197 मिनिटे, रंगीत आवृत्तीची सुमारे 177. म्हणजे रंग चढवताना वीसएक मिनिटे उतरवली गेली, आणि त्यात गाणीही गेली. ज्या चित्रपटाला नौशादांचे संगीत आहे, त्यातली गाणी काढून वर ‘आता अधिक भव्य’ म्हणून विकणे मला तरी पटलेले नाही.

दोन्ही आवृत्त्यांतला फरक पाहायचा तर सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतो तो प्रसंग लावावा. मागे तानसेनच्या तोंडी बडे गुलाम अली खाँसाहेबांचा सोहनी राग चालू आहे. कृष्णधवल प्रतीत मधुबालाचा चेहरा उजेडातून हळूहळू सावलीत उतरतो. गालाची कड कुठे संपते आणि अंधार कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही, आणि छायालेखक आर. डी. माथुर यांनी नेमके तेवढेच साधले आहे. पिसाची पांढरी कड त्या करड्या छटांवर उठून दिसते. रंगीत प्रतीत त्याच चेहऱ्यावर एकसारखा गव्हाळ-गुलाबी लेप बसला आहे. सावलीलाही त्वचेचाच रंग द्यावा लागल्यामुळे सावली ही सावली न राहता गडद मेकअपसारखी वाटते, आणि पिसाकडे लक्ष जाण्याआधी डोळा मागच्या फुलांकडे वळतो. काम निष्काळजीपणे केलेले आहे असे मुळीच नाही. उलट 2004 च्या मानाने ते फार निगुतीने केलेले आहे. पण प्रकाशयोजना ज्या माध्यमासाठी केली, ते माध्यमच बदलल्यावर निगुतीचा उपयोग मर्यादित राहतो.

शीशमहालाचे नुकसान वेगळ्या प्रकारचे आहे. मूळ चित्रपटात प्रेक्षक दीर्घकाळ करड्या दुनियेत बसलेला असतो, आणि एकाएकी आरशांचा तो महाल टेक्निकलरमध्ये, म्हणजे त्या काळच्या रंगीत चित्रणाच्या पद्धतीत, उजळतो. अनारकलीचे बंड आणि रंगाचे आगमन एकाच क्षणी होते. सलग रंगीत आवृत्तीत तो महाल दरबाराच्या अनेक देखाव्यांपैकी आणखी एक देखावा होतो. रंगीत आवृत्तीच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे, तो डावलता येणार नाही: टेक्निकलरचा परिणाम पाहून दिग्दर्शक के. आसिफ यांना सबंध चित्रपटच पुन्हा रंगीत चित्रित करायचा होता, आणि कंटाळलेल्या वितरकांमुळे ते राहून गेले. मात्र आसिफ यांनी रंगासाठी नव्याने प्रकाशयोजना केली असती. तयार चित्रावर नंतर रंग भरणे म्हणजे ती इच्छा पुरी करणे नव्हे.

आवाजात रंगीत डीव्हीडी सरस आहे असे बहुतेकांना वाटेल. डॉल्बीत नव्याने बसवलेल्या ध्वनीत नगारे मागच्या स्पीकरमधून येतात आणि खरखर नाही. मला मात्र जुन्या एकमार्गी (मोनो) ध्वनीतले संवाद अधिक जवळचे वाटले. या निमित्ताने एक इशारा द्यावासा वाटतो: केवळ वेष्टनावरची मिनिटे पाहून काटछाट झाली असे ठरवू नये. पाल या टीव्हीच्या पद्धतीसाठी केलेल्या डीव्हीडीवर सेकंदाला 24 चौकटींचा (फ्रेम्सचा) चित्रपट बहुधा 25 च्या वेगाने धावतो, त्यामुळे 197 मिनिटांचा चित्रपट एकही दृश्य न कापता 189 मिनिटांत संपतो. ध्वनीवर वेगळा उपचार केला नसेल तर सूरही चढतो. मामेभावाने लंडनहून आणलेल्या एका जुन्या चित्रपटाच्या डीव्हीडीबरोबर मी पेटी घेऊन बसलो, तेव्हा काळी एकचे गाणे जवळजवळ पुढच्या पट्टीला, पांढरी दोनला, जाऊन टेकले होते.

‘मूळ’ हा शब्द तरी कुठे सरळ आहे? ‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 ला आला तेव्हा सेन्सॉरच्या आग्रहामुळे शेवट बदललेला होता आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेत होते. रमेश सिप्पींनी आधी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर त्याला ठार करतो. पुढे हा दुसरा शेवट व्हिडिओवर फिरू लागला, आणि 2025 मध्ये त्याच शेवटासह जतन केलेली प्रत इटलीतल्या बोलोन्या येथील महोत्सवात दाखवली गेली. आमच्या पिढीला पाठ आहे ती मात्र पोलिसांचीच. मला दोन्ही हव्यात, फक्त कोणती कोणती हे वेष्टनावर लिहिलेले हवे.

परदेशातही हाच घोळ आहे. ‘स्टार वॉर्स’च्या 1977 च्या चित्रपटात दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी 1997 पासून मोठे फेरफार सुरू केले, 2006 साली मूळ आवृत्ती डीव्हीडीवर दिली ती जोड-डिस्क म्हणून, 1993 च्या लेसर डिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून. रुंद टीव्हीवर ती चारही बाजूंनी काळ्या चौकटीत आकसून बसते. याउलट ‘ब्लेड रनर’च्या 2007 च्या संचात पाच आवृत्त्या एकत्र मिळतात.

कोणती घ्यावी, तर कृष्णधवल. ज्यांच्या घरातली मुले कृष्णधवल म्हटले की उठून जातात, त्यांनी रंगीत जरूर घ्यावी, पण एकटी घेऊ नये. आणि टीव्हीचे चित्र ताणण्याचे सेटिंग आधी बंद करावे, नाहीतर अकबर झालेले पृथ्वीराज कपूर आहेत त्याहून एक तृतीयांशाने अधिक रुंद दिसतात. माझी कृष्णधवल डीव्हीडी दुकानात नव्हे, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी, एका ताडपत्रीवर पंख्यांच्या रेग्युलेटरांशेजारी पडलेली मिळाली. विक्रेत्याने चाळीस रुपये सांगितले, आणि मी पाकीट काढेपर्यंत स्वतःहून म्हणाला, “साहेब, रंगीतवाली पण आहे, ओरिजिनल. तिचे शंभर पडतील.”